प्रलयानंतरचीं प्राणिपात्रें

एका मेजाभोंवतीं चार-पांच माणसें बसलेलीं असतात. मेजावर पट नसतो, सोंगट्या नसतात. कांहीं कागद, पेन्सिली आणि निरनिराळ्या आकारांचे फांसे एवढेंच साहित्य. त्यांपैकीं एक जण सूत्रधार. तो सांगूं लागतो, "शहर पडलें त्याला दीडशें वर्षें झालीं. पुलाखालीं अंधार आहे, आणि त्या अंधारांत कोणीतरी श्वास घेत आहे. तुम्ही काय करतां?" समोरचा गृहस्थ, जो दिवसां एखाद्या कचेरींत हिशेब लिहीत असेल, क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, "मी नाक वर करून वास घेतों." हें उत्तर ऐकून कोणी हसत नाहीं, कारण या खेळापुरता तो गृहस्थ मनुष्य नसून कुत्रा आहे.

या प्रकारच्या खेळास भूमिका-खेळ म्हणावें. त्याची सुरुवात अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळापासून झाली. बुद्धिबळांत किंवा पत्त्यांत जशी हारजीत असते तशी यांत नसते. प्रत्येक खेळाडू एक पात्र निर्माण करतो. त्याचें बळ, चपळाई, बुद्धि वगैरे गुण आंकड्यांनीं कागदावर मांडतो. आणि मग सूत्रधार जी परिस्थिति उभी करील तींत तें पात्र काय बोलेल व काय करील हें स्वतःच्या तोंडानें सांगत जातो. जें काम सहज होणारें आहे तें होतें. ज्याचा भरंवसा नाहीं त्यासाठीं फांसे टाकतात. नाटक आणि द्यूत यांचा हा संकर आहे, आणि नाटकाची संहिता मात्र आधीं कोणीच लिहिलेली नसते.

या खेळांची एक शाखा जगाच्या नाशानंतरच्या काळांत घडते. अणुयुद्ध झालें, किंवा रोगाची सांथ आली, आणि मनुष्याची सत्ता लयास गेली; त्या ओसाड नगरांतून आतां जनावरें उभीं राहून चालूं लागलीं आहेत, अशी तिची कल्पना. जेम्स वॉर्ड यांचा 'मेटॅमॉर्फोसिस अल्फा' हा खेळ १९७६ सालीं आला. त्यांत एका अवाढव्य आकाशनौकेवर किरणोत्सर्गामुळें जीवसृष्टि पालटून गेलेली होती. पुढें १९७८ सालीं वॉर्ड यांनींच गॅरी जॅकेट यांच्या साहाय्यानें 'गॅमा वर्ल्ड' काढला, आणि तेथें नौकेऐवजीं सारी पृथ्वीच मोडून पडली. अमेरिका आणि रशिया यांच्या अण्वस्त्रांची टांगती तलवार ज्या पिढीच्या डोक्यावर होती, त्या पिढीचा हा खेळ आहे हें त्याच्या पानापानांतून कळतें.

बोलणारीं जनावरें आपल्याकडे नवीन नाहींत. पंचतंत्रांतील करटक आणि दमनक हे कोल्हे राजकारणांत भल्याभल्या मुत्सद्द्यांस हार जाणारे नाहींत. परंतु दमनक पिंगलकाच्या दरबारांत जातो तेव्हां त्याला पंजानें दार उघडतां येतें कीं नाहीं, असा प्रश्न विष्णुशर्म्याला पडत नाहीं. कथेंत तो पडण्याचें कारणही नाहीं. तेथें कोल्हा म्हणजे कोल्ह्याचें कातडें पांघरलेला अमात्य. भूमिका-खेळांत मात्र दाराची कडी हा खरोखरीचा प्रश्न होतो. पाठीमागून शत्रु येत आहे, दार बंद आहे, आणि पात्राला अंगठा नाहीं. प्राणिपात्र कसें घडवावें या विद्येचा सारा रस या अंगठ्याच्या प्रश्नांत आहे असें म्हटलें तरी चालेल.

'गॅमा वर्ल्ड'नें हा प्रश्न फांशांवर सोडून दिला. खेळाडूनें शुद्ध मानव व्हावें, मानवसदृश व्हावें, किंवा उत्परिवर्तित प्राणी व्हावें. प्राणी झाल्यास चार बाजूंचा, पिरॅमिडच्या आकाराचा फांसा एकदां टाकून शरीरांतील फेरबदल किती हें ठरावयाचें, दुसऱ्यांदा टाकून मनाच्या शक्ति किती हें ठरावयाचें. आणि ते फेरबदल कोणते हेंही फांसेच सांगणार. त्यामुळें पंख फुटलेलें अस्वल, किंवा दुसऱ्याच्या मनांतील विचार वाचणारा परंतु उन्हांत डोळे न उघडणारा लांडगा, असें कांहींही निघूं शकतें. त्या पुस्तकांत 'हूप' नांवाची सशांची एक जात आहे. ती धातूला स्पर्श करून त्याचें रबर करून टाकते. सूत्रधारानें ऐन लढाईंत असा ससा आणला म्हणजे तलवारी लवूं लागतात आणि मेजावर हंशा पिकतो. यांत मौज आहे यांत शंका नाहीं. परंतु असल्या पात्राची आठवण मागें राहते ती त्याच्या विचित्रपणाची, त्याच्या स्वभावाची नव्हे. फांशानें दिलेले पंख खेळाडूनें मागितलेले नसतात, आणि जें मागितलें नाहीं त्याचें मोल त्याला द्यावें लागत नाहीं.

त्या मानानें 'गॅमा वर्ल्ड'मधील गुप्त मंडळ्या अधिक विचारानें रचलेल्या आहेत. एका मंडळींतील प्राणी मनुष्यमात्राचा उच्छेद करूं पाहतात. दुसरी एक लष्करी थाटाची मंडळी स्वतःस नेपोलियन म्हणविणाऱ्या अस्वलानें उभारलेली आहे. आणि यांच्या उलट शुद्ध मानवांची एक संघटना बदललेल्या प्रत्येक जीवास ठार करूं इच्छिते. जनावराला बुद्धि आली म्हणजे त्याच्या मागोमाग पक्ष, ध्वज आणि द्वेष हेही येतात, एवढें त्या लेखकांनीं अचूक ओळखलें.

खरी कलाटणी दिली ती 'पॅलेडियम बुक्स' या प्रकाशनसंस्थेच्या एरिक वूजिक यांनीं. केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनीं १९८४ सालीं चार निंजा कासवांची चित्रकथा काढली. तिच्यावरून वूजिक यांनीं १९८५ सालीं एक भूमिका-खेळ लिहिला, आणि १९८६ सालीं त्याला 'आफ्टर द बॉम्ब' ही पुरवणी जोडली. या पुरवणींत जगाचा नाश होऊन गेलेला असून अमेरिकेच्या पूर्व भागांत बुद्धिमान प्राण्यांचीं राज्यें उभीं आहेत, आणि त्यांच्या शेजारीं उरलेल्या मनुष्यांचें एक कडवें साम्राज्य आहे. पुढें २००१ सालीं 'आफ्टर द बॉम्ब' हा स्वतंत्र खेळ म्हणून नव्यानें छापला गेला.

वूजिक यांची युक्ति अगदीं वाण्याच्या चोपडीसारखी आहे. प्रत्येक जातीच्या प्राण्यास जीवशक्तीच्या गुणांची एक थैली मिळते. त्या थैलींतून खेळाडूनें मनुष्यपण विकत घ्यावयाचें. विकाऊ वस्तु चार: हात, दोन पायांवर चालणें, वाचा, आणि रूप. प्रत्येक वस्तु घेऊं नये, अर्धी घ्यावी, किंवा पूर्ण घ्यावी. सामान्यतः अर्धीस ५ गुण पडतात आणि पूर्णास १०. अर्धा हात म्हणजे वस्तु पकडतां येते पण सुईंत दोरा ओंवतां येत नाहीं. अर्धी वाचा म्हणजे घोगरें, तुटक, परक्याला नीट न समजणारें बोलणें. शरीराचा आकारही याच हिशेबांत बसविला आहे. उंदराला मनुष्याएवढें व्हावयाचें तर एकेक पायरी ५ गुण देऊन चढावी लागते. उलट हत्तीसारख्या प्रचंड प्राण्याच्या थैलींत आरंभीं कांहींच नसतें. त्यानें आपला आकार पायरीपायरीनें विकावा आणि त्या पैशांतून हात व वाचा घ्यावी. म्हणजे बोलणारा हत्ती हवा असेल तर तो लहान हत्ती असणार.

याहून मर्माची गोष्ट पुढेंच आहे. प्राण्याचीं जीं स्वतःचीं तीक्ष्ण इंद्रियें व आयुधें, म्हणजे वास, रात्रीं दिसणें, नखें, बिळें खणणें, तींही याच थैलींतून विकत घ्यावीं लागतात. मनुष्यपणा आणि पशुपणा यांचा बाजार एकच, नाणें एकच. समजा, एका लहानशा प्राण्याच्या थैलींत ६० गुण आहेत. मनुष्याएवढें होण्यास सहा पायऱ्या चढावयाच्या, त्याचे ३० गेले. पूर्ण हातांचे १० गेले, पूर्ण वाचेचे १० गेले, उरले १०. आतां खेळाडू पेन्सिल ओठांवर टेकवून बसतो. या दहांत ताठ दोन पायांवर चालतां येईल. नाहींतर चालणें अर्धें आणि रूप अर्धें घेतां येईल. नाहींतर या दोहोंवर पाणी सोडून आपलें मूळचें तीक्ष्ण नाक राखतां येईल. सगळें मिळत नाहीं.

या निवडींत रूपाचें कलम सर्वांत क्रूर आहे. हात उपयोगाचे, वाचा उपयोगाची, पण रूप कशास हवें? अंगावरची लव गेली, तोंड आंखूड झालें, शेपटी नाहींशी झाली, म्हणून पात्राचें बळ वाढत नाहीं कीं बुद्धि वाढत नाहीं. परंतु मनुष्यांच्या साम्राज्याच्या सीमेवर जेथें पहारेकरी प्रत्येकाचा चेहरा दिव्यासमोर धरून पाहतात, तेथें पूर्ण मानवी रूप घेतलेला प्राणी खालमानेनें निघून जातो आणि त्याचा लवदार सोबती पकडला जातो. म्हणजे ज्या शक्तींतून नाक राखतां आलें असतें ती शक्ति खेळाडूनें केवळ ओळखलें न जाण्यासाठीं वेंचली. असें पात्र घेऊन बसलेल्या खेळाडूस चांगला सूत्रधार एक साधा प्रश्न विचारतो: सीमेपलीकडे गेल्यावर तुझी भावंडें तुला ओळखतील काय? कारण त्यांनीं नाक राखलें आहे, रूप घेतलेलें नाहीं. आणि याचा वासही आतां पूर्वीचा राहिलेला नाहीं. दहा गुणांच्या हिशेबांतून एवढा मोठा प्रश्न निघावा, यांत वूजिक यांच्या रचनेचें खरें यश आहे. परक्यांत मिसळून जाण्यासाठीं स्वतःचें काय काय टाकावें लागतें, हा अनुभव ज्यांनीं नाटकांत किंवा कादंबरींत वाचला असेल, त्यांनाही तो कागदावर बेरीज-वजाबाकी करतांना नव्यानें बोंचतो.

स्वीडनमध्यें याच विषयाचा तिसरा मार्ग शोधला गेला. तेथें १९८४ सालीं 'म्यूटंट' नांवाचा खेळ निघाला होता. त्याच्या नव्या अवताराच्या मालिकेंतील 'जेनलॅब अल्फा' हें पुस्तक इंग्रजींत २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत कुत्रीं, मांजरें, अस्वलें, वानर, ससे, उंदीर, बॅजर व सरपटणारे प्राणी अशा टोळ्या एका डोंगरांनीं वेढलेल्या दरींत कोंडलेल्या आहेत, आणि यंत्रमानव त्यांच्यावर पहारा करतात. मालिकेच्या पहिल्या पुस्तकांत पात्राचे चार मूळ गुण होते: बळ, चपळाई, बुद्धि आणि परदुःख जाणण्याची शक्ति. प्राण्यांच्या पुस्तकांत हा चौथा गुण काढून त्याच्या जागीं सहजप्रवृत्ति ठेवली. शिवाय पशुत्वाचे वेगळे गुण आहेत. ते खर्चून प्राण्याला आपली उपजत शक्ति वापरतां येते, परंतु त्या वेळीं टाकलेले फांसे उलटले तर पशुत्व त्याच्यावर स्वार होतें. वूजिक यांच्या खेळांत निवड एकदांच, पात्र घडवितांना होते. येथें ती प्रत्येक संकटांत पुन्हां करावी लागते.

दयेच्या जागीं सहजप्रवृत्ति ठेवणें कितपत योग्य, यावर मतभेद होऊं शकतो. जनावरांना एकमेकांचें दुःख कळत नाहीं असें समजणाऱ्यानें घरीं कुत्रा पाळलेला नसावा.

नियम कोणतेही असोत, पात्र उभें राहतें तें खेळाडूला त्या प्राण्याची खरी माहिती असेल तेव्हांच. पुष्कळ खेळाडू जनावर निवडतात तें त्याच्या कीर्तीवरून: कोल्हा लबाड, गाढव मूर्ख, सिंह उदार, ससा भित्रा. हीं लहानपणच्या गोष्टींतून आलेलीं लेबलें आहेत. त्यांवर पात्र रचलें कीं तें पहिल्या घटकेंतच संपतें. भित्रा ससा पळाला, पुढें काय? त्यापेक्षां सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें त्याला सभोंवार जवळजवळ पूर्ण वर्तुळ दिसतें, मात्र अगदीं नाकासमोरची लहानशी जागा दिसत नाहीं, एवढी एक गोष्ट खेळाडूनें लक्षांत ठेवली तर पुष्कळ काम होतें. असा ससा पहाऱ्यावर उत्तम. त्याच्या मागून कोणी येऊं शकत नाहीं. पण कोणी अगदीं नाकाशीं आणून कागद धरला तर त्याला मान तिरकी करूनच तो पाहावा लागेल. अशी मान तिरकी करणारा ससा मेजावरच्या सर्वांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. भित्रा म्हणून नुसतें सांगितल्यानें तो कधींच उभा राहत नाहीं.

कुत्र्याचें नाक सर्वांस ठाऊक असतें, त्याच्या डोळ्यांविषयीं फारशी कोणी चौकशी करीत नाहीं. कुत्र्याला निळा व पिवळा हे रंग वेगळे ओळखतां येतात. तांबडा आणि हिरवा यांत मात्र त्याची फसगत होते. पडक्या वीजघरांत एक तांबडी कळ आणि एक हिरवी कळ आहे, एकीनें दार उघडतें आणि दुसरीनें भोंगा वाजून यंत्रें जागीं होतात, आणि नेमका कुत्राच तेवढा आंत पोंचलेला आहे: सूत्रधाराला यापरतें आयतें संकट मिळणार नाहीं. गव्हाणी घुबडाचे दोन्ही कान एका पातळींत नसतात, एक किंचित् वर असतो. त्यामुळें आवाज वरून आला कीं खालून हें त्यास कळतें आणि मिट्ट काळोखांतही तें उंदीर पकडतें. हाताचा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाहीं. ऑक्सफर्ड येथें 'बेटी' नांवाची न्यू कॅलेडोनियन जातीची कावळी होती. तिनें सरळ तार वांकवून आंकडा केला आणि नळींतील खाद्याची लहानशी बादली वर ओढून काढली. ही हकीकत २००२ सालीं प्रसिद्ध झाली. तेव्हां कावळ्याचें पात्र करणाऱ्यानें हातांसाठीं सगळी थैली रिकामी करण्यापूर्वीं चोंचीचा विचार अवश्य करावा.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट पोटाची. उद्ध्वस्त जगांत पहिला प्रश्न अन्नाचा, आणि येथेंच बहुतेक प्राणिपात्रें मनुष्यासारखीं वागूं लागतात. सगळे एका ताटांतून तेंच जेवतात. एक प्रसंग मांडून पाहूं. हिवाळा आहे. बाहेर बर्फ पडलें आहे. एका जुन्या धान्याच्या कोठारांत चार सोबती अडकले आहेत: उंदीर, ससा, कुत्रा आणि मांजर. कोठारांत वसंत ऋतूपर्यंत पुरेल इतका गहू आहे. उंदीर सुखी आहे. ससा गहू, पेंढा आणि सालपटें यांवर कसाबसा दिवस काढतो. कुत्राही तग धरूं शकतो, कारण मनुष्याच्या सहवासांत राहून पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ति त्याच्या जातीनें मिळविली आहे. मांजर मात्र मांसावांचून जगूं शकत नाहीं. मांसांत असणारें टॉरीन नांवाचें द्रव्य त्याच्या शरीरास पुरेसें तयार करतां येत नाहीं. तें बाहेरून मिळालें नाहीं तर कांहीं महिन्यांत डोळ्यांचा पडदा खराब होऊं लागतो व हृदयही दुबळें होतें. मांजराला गोड चवही कळत नाहीं. ती चव ओळखणारें जनुक त्याच्या जातींत निकामी झालेलें असल्याचें २००५ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखविलें. गव्हाच्या राशीवर बसलेलें तें मांजर उपाशी आहे. त्याच्या समोर रात्रंदिवस एक उंदीर आणि एक ससा बसलेले आहेत, आणि ते त्याचे मित्र आहेत.

येथून पुढें सूत्रधारास कांहीं सांगावें लागत नाहीं. पहिल्या आठवड्यांत थट्टा होते. दुसऱ्या आठवड्यांत उंदीर आपलें अंथरूण वरच्या फळीवर नेतो, आणि कां नेलें याचें कारण कोणी विचारीत नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत कोणीतरी बर्फांतून बाहेर पडून शिकार आणली पाहिजे असें ठरतें, व कुत्र्यानें जावें कीं मांजरानें यावर वाद होतो. कारण कुत्रा गेला तर आंत उरतात ते मांजर, उंदीर आणि ससा. खेळाडू चौघेही मनुष्य आहेत, बाहेर त्यांचा चहा उकळत आहे, कोणाच्याही जिवास धोका नाहीं. तरी या वेळीं मेजाभोंवतीं शांतता पसरते. मांजराचें पात्र करणाऱ्यानें उद्यां सकाळीं आपण बाहेर जातों असें सांगितलें, म्हणजे त्यानें काय केलें हें सर्वांस समजतें.

उंदराच्या वांट्यालाही असाच एक गुण आहे. उंदराला ओकारी येत नाहीं. एकदां गिळलेलें विष त्याला बाहेर टाकतां येत नाहीं, म्हणून अनोळखी अन्न दिसलें कीं तो त्याचा अगदीं लहानसा कण चाखतो आणि परिणामाची वाट पाहतो. पडक्या दुकानांत शंभर वर्षांचे गंजलेले डबे सांपडल्यावर त्यांतील प्रत्येक डबा कण-कण चाखून पारखणारा उंदीर हा टोळीचा वैद्य ठरेल, आणि त्याची ही जपणूक भ्याडपणा मानणाऱ्या सोबत्यास तो काय उत्तर देईल तेंही आपोआप सुचेल. मग प्रश्न राहतो आयुष्याचा. साधा उंदीर दोन-तीन वर्षें जगतो. बुद्धि आलेल्या उंदराचें आयुष्य वाढलें काय? नियमपुस्तक सांगत असेल तर ठीक; सांगत नसेल तर खेळाडू आणि सूत्रधार यांनीं आधींच ठरवून टाकावें. दुसऱ्या हिवाळ्यांतच जो म्हातारा होणार आहे त्याची घाई, आणि पन्नास वर्षें जगूं शकणाऱ्या कासवाची सावकाशी, हीं दोन्हीं एका टोळींत असलीं म्हणजे साध्या प्रवासाच्या बेतावरूनही खटके उडतात.

एका धोक्याकडे मात्र लक्ष असावें. जातीवरून स्वभाव ठरविण्याची संवय प्राण्यांच्या बाबतींत निरुपद्रवी वाटते, परंतु हे प्राणी बोलूं लागले, वस्त्या करूं लागले, कायदे करूं लागले, कीं 'उंदीर तेवढे चोर' आणि 'अस्वलें तेवढीं ठोंब' हीं वाक्यें निराळाच वास मारूं लागतात. खेळांतील पात्रांनीं एकमेकांविषयीं असें बोलणें वेगळें. जगांत द्वेष असतो तसा तो खेळांतही असावा. सूत्रधारानें स्वतःच्या तोंडून मात्र तसें कधीं सांगूं नये, आणि नियमांनीं तर नाहींच नाहीं. इंद्रियें, अन्न, आयुष्य आणि शरीर यांत जातीजातींत फरक दाखवावा. प्रामाणिकपणा, धैर्य व अक्कल यांचा वांटा प्रत्येक पात्रास निराळा द्यावा. या बाबतींत टोळ्यांवर रचलेले खेळ अधिक सांभाळून खेळावे लागतात.

या खेळांतील शास्त्र कितपत खरें, असें कोणी विचारील. हर्मन मुलर यांनीं १९२७ सालीं फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून जनुकांत बदल घडवितां येतात हें दाखविलें, आणि त्यासाठीं त्यांना १९४६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु असे बदल बहुतांशीं घातकच असतात. किरणांनीं माशीला शहाणपण येत नाहीं. चेर्नोबिलची अणुभट्टी २६ एप्रिल १९८६ रोजीं फुटली, भोंवतालच्या वस्त्या रिकाम्या करण्यांत आल्या, आणि त्या निर्जन प्रदेशांत जनावरें परतलीं. बेलारूसच्या बाजूला केलेली पाहणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली; तींत हरणें व रानडुकरें यांची संख्या जवळपासच्या निर्दोष अभयारण्यांइतकीच, तर लांडग्यांची सातपटीहून अधिक आढळली. तेथें कोणा लांडग्यास वाचा फुटली नाहीं. किरणांचा दोष असूनही जनावरें वाढलीं, कारण मनुष्य निघून गेला होता. प्रलयानंतरचें जग रचणाऱ्या सूत्रधारास ही हकीकत दहा राक्षसी उत्परिवर्तनांहून अधिक उपयोगी पडेल: पडक्या बालवाडीच्या अंगणांत उगवलेलीं बर्च झाडें, आणि त्यांच्यामधून निवांत चालत जाणारा लांडगा.

आवाज काढण्याविषयीं फार सांगण्याची जरूर नाहीं. भुंकून किंवा म्याव म्हणून पात्र वठत नाहीं. पांच मिनिटांनीं तें कंटाळवाणें होतें. एखादी लहानशी लकब पुरे. बोलण्यापूर्वीं थांबून हवा हुंगणें, अनोळखी खोलींत शिरतांना भिंतीच्या कडेनें चालणें, पाठ कधीं मोकळ्या जागेकडे न करणें.

पात्राच्या कागदावर सर्वांत शेवटीं नांव लिहावयाचें असतें, आणि तें पुष्कळ जण घाईनें लिहितात. प्राण्याच्या नांवांत त्याचा सारा पूर्ववृत्तांत मावतो. तें नांव त्याच्या आईनें ठेवलें कीं मनुष्यानें? मनुष्यानें ठेवलें असेल तर तें पाळण्यांतलें होतें कीं पिंजऱ्यावरचा क्रमांक? कुत्र्याच्या पणज्याच्या गळ्यांतील पट्ट्यावर पितळेची चकती होती. तिच्यावरचीं अक्षरें आतां कोणालाच वाचतां येत नाहींत, पण ती चकती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असून ज्याच्या गळ्यांत ती असेल त्याला सगळे त्याच एका नांवानें हांक मारतात. खेळाडूनें असें कांहीं कागदावर लिहिलें म्हणजे सूत्रधार पेन्सिल खालीं ठेवतो, फांसे पुढें सरकवितो, आणि त्या अक्षरांचा अर्थ सांगणारा एखादा म्हातारा मनुष्य पुढच्या गांवीं कोठें बसवावा याचा विचार करूं लागतो.